मापकाकांच्या छतातल्या तुळया

भूमितीत रेषेला जाडी नसते. हे वाक्य मी नोकरीची सगळी वर्षं फळ्यावर लिहीत आलो आणि मुलांनीही ते बिनतक्रार उतरवून घेतलं. त्यामुळे निवृत्तीनंतर आमच्या दोन खोल्यांमधली भिंत काढायची वेळ आली, तेव्हा मला ती नकाशातली एक रेषाच वाटली. रेषा पुसायला डस्टर लागतं, एवढाच माझा अनुभव होता.

भिंत काढायची ती हिच्या पडद्यासाठी. ही, म्हणजे माझी बायको, शिवणकाम करते. उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश, खिडक्यांचे पडदे असं तिचं बारीकसारीक काम वर्षानुवर्षं चालू होतं, आणि अचानक एके दिवशी नाट्यगृहाचे व्यवस्थापक दारात उभे. त्यांना रंगमंचाचा नवा पडदा हवा होता. लाल मखमलीचा, दोन पाखांचा, म्हणजे मधून उघडणाऱ्या दोन भागांचा, इतका उंच की आमच्या इमारतीवरून सोडला तर खालच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून घरंगळेल.

"तुमचा हात मला पसंत आहे, बाई," व्यवस्थापक चहा पीत म्हणाले. "पण एक पाख तरी सबंध पसरता येईल अशी जागा हवी. घड्या घालून शिवलेला पडदा खाली वाकडा लोंबतो. महिनाअखेरीस कापड येईल, त्याच दिवशी मी जागा बघतो. नसली, तर मात्र काम शहराबाहेरच्या कारखान्याला द्यावं लागेल. राग मानू नका."

हिनं राग मानला नाही. ते गेल्यावर ती दोन खोल्यांच्या मधल्या दारात जाऊन उभी राहिली. एकदा या खोलीकडे पाहिलं, एकदा त्या खोलीकडे. मग भिंतीवर हात ठेवून स्वतःशीच म्हणाली, "ही नसती तर मावला असता."

ही कधी काही मागत नाही. त्यामुळे ती जे स्वतःशी बोलते ते कान देऊन ऐकावं लागतं. मी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणालो, "नसेल."

"नसेल म्हणजे?"

"काढू या."

"आणि वरचं घर कशावर उभं राहील?"

"तुळई घालू," मी म्हणालो, जणू चहात साखर घालायची होती.

हिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. त्या नजरेत आशा होती. अविश्वासही होता, पण तो जुना होता, आशा नवी होती. त्या आशेपायीच पुढचं सगळं रामायण घडलं.

आमची लेक वास्तुरचनेची पदवी घेऊन दुसऱ्या शहरात नोकरीला गेली, तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर आतल्या खोलीत सोडून गेली होती. त्याच्यात इमारती काढण्याचं सॉफ्टवेअर होतं. मी तिला फोन केला.

"बाबा, तुम्ही इंजिनिअरला बोलवा ना."

"बोलवणार आहे. पण त्याच्यासमोर कोरी पाटी घेऊन बसायचं का? भूमिती शिकवली आहे मी."

"ही भूमिती नाही बाबा. यात भिंत काढली की खरंच भिंत होते. तिला जाडी असते, उंची असते, वजन असतं."

"मुलगी दहावीत माझ्याकडूनच शिकली," मी फोन ठेवल्यावर हिला म्हणालो.

दुपारी जेवणं झाली, खिडकीचा पडदा ओढला, बाहेरचे आवाज एकेक करून झोपी गेले, की मी कॉम्प्युटरपुढे बसायचो. आणि खरं सांगतो, त्या दुपारींनी मला वेड लावलं. पांढऱ्या शून्यात मी एक रेषा ओढायचो आणि कळ दाबली की ती हळूच उभी राहायची. आवाज नाही, धूळ नाही, गवंडी नाही. भिंत उगवायची, जशी पहाट उगवते. तिला खिडकी दाखवली की ती समजूतदारपणे भोक पाडून घ्यायची. दोन दुपारींत आमचं घर त्या पांढऱ्यात तरंगू लागलं. त्याला रस्ता नव्हता, शेजार नव्हता, आभाळही नव्हतं. फक्त एक सूर्य होता, तो मला हवा तेव्हा उगवायचा आणि बोटानं सरकवला तसा सरकायचा. मी तो बहुतेक वेळा कलत्या दुपारीच ठेवत असे. मग खिडकीतून एक लांबट ऊन आत येऊन जमिनीवर पडायचं, आणि मी त्या उन्हातून या खोलीतून त्या खोलीत हिंडायचो. एकदा तर आत शिरण्यापूर्वी मी टेबलाखाली चपला काढून ठेवल्या. कशासाठी, ते अजून कळलेलं नाही.

भिंत पुसल्यावर जी लांबलचक खोली तयार झाली, तीत मी हिच्यासाठी एक टेबल ठेवलं आणि टेबलापाशी एक बाई उभी केली. सॉफ्टवेअरमध्ये तयार माणसं मिळतात. दुर्दैवानं बाई एकच होती. तिच्या अंगात कोट होता, हातात ऑफिसची बॅग होती, आणि ती कुठल्याही खोलीत ठेवली तरी नुकतीच बाहेर निघाल्यासारखी दिसायची.

चहा घेऊन ही आत आली. "ही कोण?"

"तू."

"मी कुठे निघाले आहे?"

"कुठे नाही. तू शिवते आहेस."

"बॅग खाली ठेवायला सांगा मग तिला," असं म्हणून तिनं कप ठेवला. पण जाताना ती थबकली. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या त्या लांब खोलीकडे, त्या कलत्या उन्हाकडे तिनं बराच वेळ पाहिलं. "एवढी होईल खोली?" तिनं विचारलं. तो प्रश्न तिनं असा विचारला, की पुढे कितीही फजिती झाली तरी आता माघार नाही, हे मी मनाशी ठरवून टाकलं.

आमचं घर मधल्या मजल्यावर आहे. नुसतं आमचंच घर काढलं तर ते हवेत लटकतं आणि बघणाऱ्याला भोवळ येते. लेकीनं एक सोपी युक्ती सांगितली होती: सगळं निवडायचं आणि वरच्या-खालच्या मजल्यावर तसंच्या तसं उतरवायचं. कॉम्प्युटरमधली भिंत पुसण्याआधीच मी ते केलं होतं. झालं. वर दातांचे डॉक्टर राहतात, त्यांच्याकडे आमचं घर. खाली मापकाका राहतात, त्यांच्याकडेही आमचं घर. मी निवांतपणे तिन्ही मजल्यांवर हिंडून आलो. सगळीकडे तीच खोली, तीच मधली भिंत, तेच ऊन. कुणीही हरवणार नाही अशी ती इमारत होती.

मग आली तुळई. आमच्या छताखाली, जिथे भिंत होती तिथे, एक लोखंडी तुळई घालायची. मी नकाशा उघडला, तुळईचं चित्र निवडलं, या टोकाला टिचकी, त्या टोकाला टिचकी. कॉम्प्युटरनं कोपऱ्यात नम्रपणे एक चिठ्ठी दाखवली: तुम्ही ठेवलेली वस्तू या नकाशात दिसत नाही.

मला वाटलं, ठेवली गेली नाही. पुन्हा ठेवली. पुन्हा तीच चिठ्ठी. वर्गात एखादं मूल हाक मारूनही उठत नसलं, तर आपण आवाज चढवतो. मी माऊसवरची टिचकी जोरात मारली. मग तुळई बदलून पाहिली, जाड घेतली, बारीक घेतली, उजवीकडून डावीकडे ओढली. दर वेळी तीच चिठ्ठी, तोच नम्रपणा. शेवटी मी चिठ्ठी येऊच नये अशी सोय शोधून काढली आणि पुढचा तासभर शांतपणे तुळया ठेवत राहिलो. ती एक सुंदर दुपार होती. काही दिसत नव्हतं, पण आपण काहीतरी भक्कम करतो आहोत असं वाटत होतं.

लेकीला विचारायला हवं होतं. पण सारखं सारखं मुलीला विचारणं बरं दिसत नाही. मी नकाशाचा कागद छापला, बाजूनं कापल्यासारखं इमारतीचं उभं चित्रही छापलं, आणि चष्मा न लावता त्याकडे समाधानानं पाहिलं.

इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष म्हणजे वरचे दातांचे डॉक्टर. त्यांच्याच दवाखान्यात बैठक भरली. मी रुग्णाच्या खुर्चीत बसलो, कारण बाकीच्या खुर्च्या भरल्या होत्या. डॉक्टरांनी सवयीनं माझ्यावरचा दिवा लावला.

"भिंत म्हणजे काय, दातच," डॉक्टर म्हणाले. "काही दात नुसते शोभेचे असतात, काही धरून ठेवतात. हा काढला तर माझं घर हलेल का, एवढंच सांगा."

"तुळई आहे ना," मी आडवा पडूनच म्हणालो.

कागद हातोहात फिरला आणि मापकाकांकडे पोचला. त्यांची ओळख करून द्यायला हवी. मापकाका म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या खात्यातले निवृत्त निरीक्षक. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांच्या तराजूत खोट शोधली आणि 'अंदाजे' या शब्दाला ते शिवी मानतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, तळमजल्यावर एकटेच राहतात. आम्ही या इमारतीत आलो ते त्यानंतर. त्यांच्या घरात कुणी गेलेलं नव्हतं. दार नेहमी एका माणसाच्या नाकाएवढंच उघडायचं, आणि त्या फटीतून ते पाणी, दिवा, जिना अशा सर्व विषयांवर तक्रार करायचे.

त्यांनी आपला चष्मा लावला. मग खिशातला दुसरा चष्मा पहिल्यावर लावला.

"हे काय आहे?"

"आपली इमारत."

"ते कळलं. हे माझ्या छतात काय आहे?"

सगळे कागदावर वाकले. मीही दिव्याखालून उठून वाकलो. माझ्या छताखाली स्वच्छ पांढरी जागा होती. आणि मापकाकांच्या छताखाली, बरोबर आमच्या मधल्या भिंतीच्या खाली, तुळया होत्या. एकावर एक, एकात एक, जाड, बारीक, उलट, सुलट. रेल्वेच्या गोदामात रूळ रचून ठेवतात तशा.

"अठरा," मापकाका मोजून म्हणाले. "माझ्या डोक्यावर अठरा तुळया. यांचं वजन काय होतं, केलंय गणित?"

आता मला ती चिठ्ठी समजली. नकाशा ज्या मजल्याचा, त्या मजल्याच्या जमिनीपाशी तुळई जाते, छतापाशी नाही. मी माझ्या घराचा नकाशा उघडून तुळई ठेवली, म्हणून ती माझ्या जमिनीखाली गेली. माझ्या पायाखालून मी तासभर शेजाऱ्याच्या छतात लोखंड भरत होतो.

"चुकून झालं," मी म्हणालो.

"चुकून एक होते," मापकाका म्हणाले.

हे ते ठासून म्हणाले, पण कागद त्यांनी परत दिला नाही. तुळयांच्या खाली त्यांचं जे घर मी काढलं होतं, म्हणजे आमचंच घर, मधल्या भिंतीसकट, त्याच्याकडे ते पाहत राहिले. मला वाटलं, आता फर्निचरवरून बोलणार. पण त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "माझी हरकत आहे. लेखी देईन. आणि माझ्या घरात कुणीही तपासणीला येणार नाही." त्यानंतर ते निघून गेले.

डॉक्टरांनी दिवा मालवला. "पुढची तारीख देऊ का?" ते म्हणाले.

बांधकाम परवानगीच्या कार्यालयात गेलो. तिथे एका लांब टेबलामागे एक गृहस्थ होते, त्यांच्या चेहऱ्यावर अशी शांतता होती की ती नुसती बघायला लोकांनी यावं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "इमारतीचा मूळ नकाशा आणा," ते म्हणाले.

"तो कुठे मिळेल?"

"इथेच."

"मग द्या."

"नकाशाचा क्रमांक सांगा."

"तो कुठे असतो?"

"नकाशावर." हे सांगताना त्यांना जराही वाईट वाटलं नाही. मी तिथेच बाकावर बसून राहिलो. खिडकीतून ऊन येत होतं, पंखा मंद फिरत होता, कुठेतरी शिक्के मारल्याचा एकसारखा आवाज येत होता. मला डुलकी लागली आणि त्या डुलकीत माझ्या अठराही तुळया आवाज न करता, एकेक करून, त्या कार्यालयाच्या छताला जाऊन लागल्या. जाग आली तेव्हा ते गृहस्थ जेवायला गेले होते. शिवाय बाहेर पडताना दारावर लावलेला नियम वाचला: खालच्या आणि वरच्या मालकाचं ना-हरकत पत्र जोडणे.

घरी मी हे सगळं हसत हसत सांगितलं. ही मशीनवर बसली होती. तिनं दोरा तोडला.

"मी व्यवस्थापकांना फोन करते. कारखान्याला द्या म्हणते."

"इतक्यात? अजून आठवडा आहे."

"मी फक्त हो म्हणायला नको होतं हो," ती म्हणाली. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या खिडक्या झाकल्या. एकदा वाटलं, सगळे लोक ज्याच्याकडे तोंड करून बसतात असं काहीतरी आपल्या हातचं असावं. वाटलं, एवढंच."

मी तिला इतकी वर्षं ओळखतो. ती असं बोलली की प्रकरण संपलेलं असतं. रडली असती तरी मला सोपं गेलं असतं. मी आत जाऊन कॉम्प्युटर लावला, तर कोट घातलेली ती बाई लांब खोलीत बॅग घेऊन उभी होतीच. मला पहिल्यांदाच तिची लाज वाटली. मग मी लेकीला फोन केला आणि सरळ म्हणालो, "माझ्याच्यानं होत नाही. इंजिनिअर पाठव."

दोन दिवसांनी इंजिनिअरबाई आल्या. लेकीच्या शिक्षिका होत्या, त्यामुळे मी अदबीनं वागलो. त्यांनी मॉडेल पाहिलं आणि तुळयांची थप्पी पाहून त्या इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं. "माझ्या वर्गातली मुलंसुद्धा पाच-सहावर थांबतात," त्या म्हणाल्या. मी बत्तीस वर्षं वर्गाच्या त्या बाजूला उभा होतो. या बाजूला कसं वाटतं, ते त्या दिवशी कळलं.

मग त्या भिंतीपाशी गेल्या. भिंत ठोकली, छत पाहिलं, आणि अचानक गुडघ्यांवर बसल्या. भिंतीच्या तळाशी, फरशी आणि भिंत यांच्यामध्ये एक बारीक फट होती. तिच्यात पोस्टकार्ड गेलं असतं. त्यांनी खिशातली गोल पेन्सिल फरशीवर ठेवली. ती क्षणभर विचारात पडली आणि मग हळूहळू, आपली आपण, भिंतीकडे घरंगळत गेली. आम्ही तिघंही ते बघत होतो. कुणाला घाई नव्हती, पेन्सिललाही नव्हती.

"तुमची जमीन मध्ये वाकली आहे," इंजिनिअरबाई आता हसत नव्हत्या. "खालच्या घरातही भिंत आहे ना याच जागी?"

"आहे," मी म्हणालो. "नकाशात मीच काढली आहे."

"तुम्ही पाहिली आहे का?"

मी पाहिली नव्हती. कुणीच पाहिली नव्हती.

आम्ही खाली गेलो. दार नाकाएवढं उघडलं आणि लगेच मिटलं. "मी लेखी दिलेलं आहे," आतून आवाज आला. इंजिनिअरबाईंनी समजावलं, मी माफी मागितली, डॉक्टरही जिन्यात येऊन "एक मिनिटाचं काम आहे, दुखणार नाही" असं म्हणून गेले. दार हललं नाही.

मग हिनं मला बाजूला सारलं आणि ती दाराला तोंड लावून बोलू लागली.

"काका, मी वरची. मला तुमच्या घरात काही बघायचं नाही. माझ्या पडद्याचंही राहू द्या, तो मी सोडला. पण आमची जमीन वाकली आहे म्हणतात. म्हणजे एवढी भिंत तुमच्या डोक्यावर आहे हो. आणि तुम्ही तिच्याखाली एकटे झोपता. आता हे कळल्यावर मला वर झोप कशी लागेल?"

 मग कडी निघाली, आणि पहिल्यांदाच ते दार पूर्ण उघडलं.

आत भिंत नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब खोली होती. अगदी माझ्या मॉडेलमधली. खिडकीतून तेच लांबट, कलतं ऊन येऊन जमिनीवर पडलं होतं, आणि मला क्षणभर कळेना की मी सूर्य कुठे सरकवून ठेवला होता. सामान फारसं नव्हतं. एक कॉट, एक खुर्ची, एक तराजू. छतात, जिथे कधीकाळी भिंत टेकली होती तिथे, एक पट्टा आणि त्याच्या बाजूनं केसासारखी भेग.

"परवानगी मागितली होती मी," मापकाका म्हणाले. ते कुणाकडे पाहत नव्हते. "नियमानं अर्ज केला. मूळ नकाशा आणा म्हणाले."

मी आणि इंजिनिअरबाईंनी एकमेकांकडे पाहिलं.

"ती आतल्या खोलीत पडून असायची. उठवत नव्हतं. खिडकी या खोलीत. मध्ये भिंत. मला म्हणाली, रस्ता दिसला असता तर बरं झालं असतं. कॉट इकडे आणावी, तर तिचं ते श्वासाचं यंत्र आणि सगळं मिळून या खोलीत मावेना. तिच्या डॉक्टरांनी जेवढे दिवस सांगितले होते, तेवढ्यात तो नकाशा सापडला नसता. मग मी माणसं बोलावून भिंत काढली. आयुष्यभर सगळ्यांची मापं तपासली. एवढं एकच काम न मोजता केलं. नंतर दार उघडायची भीती वाटायला लागली. वर माणसं राहतात, हे मला रोज आठवायचं. तुमच्याकडे खुर्ची सरकली तरी मी छताकडे बघायचो."

मला खरं तर राग यायला हवा होता. आम्ही इतकी वर्षं हवेवर चालत होतो. पण राग येईना.

"दिसला का मग रस्ता त्यांना?" हिनं विचारलं.

"दिसला ना. सगळा दिसला. समोरच्या दुकानदाराला कॉटवरून ओरडायची, अरे, मागून कुत्रं आत गेलंय म्हणून. दोन महिने त्याचं दुकान तिनंच सांभाळलं."

ही हसली. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. मापकाकांनी तिच्यासाठी ती एकुलती एक खुर्ची पुढे केली.

इंजिनिअरबाईंनी टेप लावला. छत मोजलं, भेग मोजली, वरून खालून पाहिलं. मग माझा कागद मागितला. मापकाकांनीच तो खिशातून काढून दिला. बाईंनी तो छताशी धरला.

"तुळई इथे हवी," त्या म्हणाल्या. "अगदी तुम्ही काढली आहे तिथेच."

मी ताठ झालो.

"फक्त एक," त्या म्हणाल्या.

धोकादायक घराच्या दुरुस्तीला परवानगी त्याच दिवशी मिळते, हे आम्हाला तेव्हा कळलं. मूळ नकाशाही कुणी मागितला नाही. त्या शांत गृहस्थांनी शिक्का मारताना माझ्याकडे पाहून मान हलवली, जणू मी योग्य अर्ज घेऊन येण्याचीच ते वाट पाहत होते. लोखंडी टेकू लागले, क्रेनवरून खरी तुळई आली. ती आत नेताना आठ माणसं घामाघूम झाली आणि मी जिन्यात उभा राहून पाहत होतो. माझ्याकडे ती टिचकीसरशी यायची. भूमितीत वजन हा विषय नाही, ही भूमितीतली मोठीच उणीव आहे. आमच्या भिंतीला मात्र, आता तिच्याखाली आधार आला तरी, वरचा मजला तिच्यावर असल्यामुळे, इतक्यात हात लावायचा नाही असं बाईंनी बजावलं.

म्हणजे कापड यायच्या दिवशी आमच्या घरात भिंत होती तशीच उभी.  टेम्पो आला, लाल मखमलीचे तागे खाली उतरले, मागून व्यवस्थापक आले. त्यांनी जिन्याच्या पायरीवर पाय ठेवला.

"वर नाही," मागून आवाज आला. मापकाका दार सताड उघडून उभे होते. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात टेप. "जागा इकडे आहे. बावीस फूट साडेसात इंच. अंदाजे नाही, मोजून. बाईंना हवे तेवढे दिवस."

हिनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीच ठरवलं नव्हतं, हे माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार. व्यवस्थापकांनी खोलीत एक फेरी मारली, एका टेकूला हात लावून "हे निघणार ना?" एवढं विचारलं, आणि ताग्यांच्या पावतीवर हिची सही घेतली.

पुढचे आठवडे मी आयुष्यातले सगळ्यात संथ आठवडे म्हणेन. टेकू निघाले. मखमल पसरली की खालची जमीन नाहीशी व्हायची आणि त्या लांब खोलीत लाल अंधार भरून राहायचा. ही त्याच्यावरून अनवाणी चालायची, टाचण्या तोंडात धरून, आणि तिच्या पावलांचा आवाज यायचा नाही. एका टोकाला मी धरायचो, दुसऱ्या टोकाला मापकाका. आमच्यात संभाषण असं नव्हतंच. "ताणा," ते म्हणायचे. मी ताणायचो. "पाव इंच जास्त झालं," ते म्हणायचे. कधीकधी कापड धरून उभं राहिल्या राहिल्याच डोळा लागायचा, आणि खिडकीतलं ऊन मखमलीवरून सरकत जाऊन दुसऱ्या टोकाला पोचलेलं असायचं. खाली जाताना ही बॅगेत कात्र्या, दोरे घेऊन निघायची. दारातून वळून म्हणायची, "मी कामाला चालले."

हिला धास्ती एकच होती: खालची कड. पडदा एवढा मोठा की टांगल्याशिवाय कळायचं नाही, आणि टांगल्यावर दुरुस्त करायचं नाही. कड रंगमंचाला सरळ टेकली पाहिजे. एका बाजूनं जरी उचलली, तरी हजार माणसं समोर बसून तेच बघणार. रोज घरी आली की ती आमच्या वाकलेल्या जमिनीकडे बघत बसायची.

नव्या पडद्याच्या पहिल्या प्रयोगाचे तीन पास आले. आम्ही मधल्या रांगेत बसलो. हिच्या एका बाजूला मी, एका बाजूला मापकाका. पोचायला थोडा उशीर झाला, कारण मापकाकांनी तीनदा घराचं दार ओढून बघितलं. बसतो न बसतो तोच दिवे मंदावले, घंटा झाली, आणि पडदा सरसर दोन्हीकडे निघून गेला. हिनं खालची कड बघायला मान पुढे काढली होती, ती तशीच राहिली.

"अहो, एवढ्यात उघडला?" ती म्हणाली.

पुढच्या रांगेतल्या एकानं वळून पाहिलं.

नाटक चांगलं असावं. लोक हसत होते. आम्ही तिघं मात्र रंगमंचाच्या दोन्ही कडांना दिसणारी लाल घडी बघत बसलो होतो. नाटकातला नवरा घर सोडून निघाला, बायकोनं दार लावलं, आणि मला मनापासून वाटलं, की आता यांनी फार वेळ लावू नये.

अखेर मध्यंतर झालं. दोन्हीकडून लाल मखमल आली, मध्ये भेटली, आणि हलायची थांबली. टाळ्या झाल्या, त्या नटांसाठी. दिवे लागले. लोक चहासाठी उठले, आमच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर गेले. बघता बघता सगळं नाट्यगृह रिकामं झालं आणि समोर तो पडदा आणि आम्ही तिघं उरलो.

हिनं डोळे मिटून घेतले होते. "तुम्ही बघा," ती म्हणाली. "मला बघवत नाही."

मी भूमिती शिकवली आहे, मी सांगू शकलो असतो. पण मी मापकाकांकडे पाहिलं. मापकाकांनी पहिला चष्मा लावला, त्याच्यावर दुसरा लावला. डाव्या टोकापासून सुरुवात केली. न घाई करता, अख्खी कड नजरेनं मोजत, ते उजव्या टोकापर्यंत गेले. मग तिथून परत आले.

"सरळ आहे," ते म्हणाले.

हिनं डोळे उघडले. पायातल्या चपला काढल्या, पाय वर घेतले, आणि त्या मऊ खुर्चीत मांडी घालून, आपल्या घरात बसावं तशी, मागे टेकून बसली.